चुंबकशाळेचे एकाचे दोन जाहले त्याची हकीकत

श्री वाग्देवतेस जवळून नमन, श्री लोहचुंबकास दुरून नमन, कारण त्यास जवळून केल्यास खिशातील किल्ल्या उडतात. धनी यांनी सेवकास पुसिले की, अमक्या राज्यात तिळाएवढ्या काळ्या खड्यापायी दरबार भरला आणि चुंबकशाळा बुडाली म्हणतात, ते कसे, त्यात खरे किती, लोकांच्या पदरचे किती, ते मीठमिरची न लावता लिहून पाठवावे. आज्ञा शिरसावंद्य. मीठ लावीत नाही. मिरचीचे वचन मात्र देववत नाही, कारण विषय तसा आहे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी वर्तमान जाहले ऐसे जे:

राज्य विद्येचे. त्यात शेते नाहीत, फौज नाही. आहेत त्या शाळा. कोठे प्रकाशशाळा, कोठे रसशाळा, कोठे गणकशाळा, आणि प्रत्येक शाळेवर एकेक सरदार, आणि सर्व सरदारांवर श्रीमंत महाराज. महाराजांस विद्येची आवड दांडगी. पुस्तक हाती धरल्याचे कोणी पाहिले नाही, परंतु कोनशिला बसवावयास कधी नाही म्हणाले नाहीत. त्यांचे कारभारी त्रिंबकपंत उकिडवे हे बोलण्यात असे तरबेज की दोन शब्दांचे काम असता दोनशे खर्ची घालावे आणि तरी काम राहूनच जावे. आणि राज्याच्या उत्तर टोकास, चिंचांच्या पलीकडे, चुंबकशाळा, आणि तिच्या सरदार सगुणाबाई पळशीकर. बाई अंगाने किरकोळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणे तुटक, आणि दरबारात मुजरा करावयाचा तो असा घाईने उरकीत की महाराजांस तो दिसतच नसे. हा त्यांचा एक अपराध. दुसरा अपराध असा की, पुसले त्याचेच उत्तर देत. दरबारात याहून मोठा अवगुण नाही.

चुंबकशाळेत चुंबक एकच, पण केवढा! पुरुषभर उंच पोलादी रांजण, आणि त्याच्या पोटी तारेचे वेटोळे, आणि ते वेटोळे हेलियमच्या पाण्यात अष्टौप्रहर बुडालेले. हे पाणी असे थंड की हिमालयानेही त्यापुढे स्वतःस शेकोटी म्हणवून घ्यावे. ते पोटात आहे तोवर तारेतून वीज विनाअडथळा फिरत राहते आणि चुंबक जिवंत. ते आटले की तार तापते, वीज अडते, उरलेले पाणी एका दमात वाफ होते आणि चुंबक मरतो, आणि ऐसा जुना चुंबक एकदा मेला की पुन्हा उठेल याची शाश्वती कोणी देत नाही. म्हणून त्यास वरचेवर पाणी पाजावे लागे. बाई सणावाराला घरी गेल्या नाहीत, बहिणीच्या लग्नात अक्षता पडताच परतल्या, ते या पाण्यापायी. पाणी राहे शीतखान्यात, पिंपातून. शीतखान्याचे किल्लेदार हैबतराव काळभोर, मिशा पांढऱ्या, मन साफ. परंतु शीतखान्याची किल्ली मात्र त्रिंबकपंतांच्या कमरेला. तळे राखील तो पाणी चाखील म्हणतात. येथे तळे एकाने राखावे आणि चाखावे दुसऱ्याने, अशी रीत. आणि चाखणाऱ्यात पहिला मान श्रीमंतांचे भाचे मुरारराव यांचा, ज्यांस अद्याप शाळा नव्हती, विद्याही नव्हती, पण हौस होती.

बाईंचा विषय काळ्या खड्यांचा. खडा दिसावयास काजळाची खपली. न सोने, न तांबे. कोळसा आणि गंधक यांच्या रेणूंचा, म्हणजे ज्या जातीच्या द्रव्यातून वीज वाहील अशी कोणी आशाही करू नये, त्या जातीचा. आणि तरी या कुळातले काही खडे थंड केले असता वीज अशी वाहवितात की वाटेत थेंबभर गळती नाही; त्यांस पंडित अतिवाहक म्हणतात. आणि त्यांचेच सख्खे भाऊ थंड होता होता अडून बसतात आणि विजेस पाऊल टाकू देत नाहीत. एका घरातले दोघे, एक वाहता, एक अडेल, हे का? या एका प्रश्नापाठी बाईंची ऐन उमेद गेली, आणि त्याबद्दल बाईंची काही तक्रार नव्हती. निदान अडेल भावाचा भेद त्यांनी चुंबकाकडून काढविला तो असा. खड्यात रेणू रांगेने उभे, सारे एका साच्याचे, आणि विजेचा वाटाही प्रत्येकास सारखा. आता खडा सावकाश, फार सावकाश थंड करावा. मग एक वेळ अशी येते की रांगांत वाटणी फिरते: एका रांगेकडे वाटा जादा, शेजारच्या रांगेकडे उणा, पुन्हा जादा, पुन्हा उणा. कोणी हुकूम केला नाही, कोणी दरोडा घातला नाही, आणि तरी श्रीमंत-गरिबांच्या आळ्या पडल्या! आणि आळ्या पडल्या की जो तो आपला वाटा धरून बसतो आणि वीज जागच्या जागी थिजते. हे डोळ्यांस दिसत नाही; चुंबकास कळते. खड्यातील कोळशाचे काही अणू असे असतात की त्यांच्या पोटी इवलासा चुंबक असतो. मोठ्या चुंबकात नेऊन त्यांस रेडिओच्या लहरीने हाक मारिली की ते ओ देतात, आणि ज्याच्या दारी विजेचा वाटा निराळा त्याची ओ निराळ्या सुरात. ती ओ पडद्यावर शिखर होऊन उमटते. सारे समान तर शिखर एक. आळ्या पडल्या तर शिखरे दोन. आणि खडा घाईने, एका झटक्यात थंड केला तर? तर रेणूंस आळ्या पाडावयास सवडच मिळत नाही, ते गोंधळून जसेच्या तसे उभे राहतात, आणि शिखर एकच उमटते, जरासे जाडे. पण ते समता आली म्हणून नव्हे. वाटणी फिरवावयास वेळ मिळाला नाही म्हणून. वाचणाऱ्याने हे ध्यानी धरावे, पुढील सर्व घोटाळा येथून निघाला.

त्या साली जाहले असे की, राज्यातून कोणी महाराजांच्याही वरच्या बादशहाकडे बोभाटा केला: या राज्यात वाटणी समान नाही, मर्जीतल्यांच्या दारी थंडीची पिंपे ओसंडतात आणि बाकीच्यांनी कोरडी भांडी पुसत बसावे. बोभाटा कोणी केला ते कळले नाही; खरा होता एवढे सर्वांस कळले. बादशहांनी आपले वकील लाला उमरावसिंग यांस धाडिले की, जाऊन डोळ्यांनी पाहून यावे. झाले! राजवाड्यात खलबत बसले. महाराजांच्या तोंडचे पाणी पळाले. म्हणाले, "पंत, आता कसं?" पंत बोलिले, "सरकार, चिंता नसावी. वकिलाला वाटणी दाखवायचीच कशाला? वकिलाला समता दाखवू. माणसांचं सोडा, आपल्या राज्यात खड्यातले रेणूसुद्धा समान, असं चुंबकाच्या तोंडून वदवू. माणूस लाच खाईल, चुंबक खाईल का? त्याची साक्ष बादशहालाही मानावी लागेल." महाराज खूष जाहले आणि आपल्या हाताने विडा दिला. धन्य ती मसलत! घर शाकारावयाचे सोडून पाहुण्यास छत्रीचे चित्र दाखवावे, त्यातली ही.

मग पंत चुंबकशाळेत आले, आणि कमरेची किल्ली हाताने घट्ट धरून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, आणि तेथून बोलिले, "बाई, वकिलासमोर शिखर एक दाखवायचं आहे." बाई म्हणाल्या, "पंत, या खड्याची शिखरं दोन." "मग एक झाका." "ते काय पातेलं आहे झाकायला?" पंत हसले. पंतांचे हसणे फार वाईट. म्हणाले, "मागे तुम्हीच सांगितलंत ना, की झटक्यात गार केला की एकच दिसतं?" "दिसतं. पण ते समान आहेत म्हणून नाही दिसत, पंत. त्यांना उसंत मिळाली नाही म्हणून." "का दिसतं ते कोण पुसतंय? दिसतं ना? बास!" बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "मी खोटं दाखवणार नाही." तेव्हा पंतांनी आवाज मऊ केला. "चुंबकाला पाणी केव्हा पाजायचंय?" "याच पंधरवड्यात. उशीर चालायचा नाही." "हैबतराव, पिंपं किती?" हैबतराव मागे उभे होते, खाली मान घालून म्हणाले, "दोनच हाईत, सरकार. नवी गाडी संक्रांतीच्या पुढं." "ठीक," पंत म्हणाले, "एक पिंप खेळाला, एक चुंबकाला. शिखर एक दिसलं तर! न दिसलं तर दुसरं पिंप भाचेसाहेबांकडे रवाना." आणि पंत निघून गेले, आणि सगुणाबाई स्टुलावर बसल्या.

मग उठून चुंबकापाशी गेल्या. चुंबकावर हात ठेविला तर बाहेरून तो नुसता गार पत्रा. पण त्या पत्र्याआड आपला सारा जन्म भरला आहे हे बाईंस ठाऊक. एकदा वाटले, जाऊ दे, मरो तो, पण तोंडास काळे नको. एकदा वाटले, चुंबकच गेला तर पुढे खरे तरी कोणास आणि कशाने पुसणार? हैबतराव म्हणाले, "बाई, उगा जिवाला घोर लावून घेऊ नगा. दाखवा त्यास्नी एक. आज खोटं दाखवलं तर उद्या खरं दाखवता येतं. चुंबक मेला तर उद्या काय दाखवणार? आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार?" बाई म्हणाल्या, "हैबतराव, चोर अशीच समजूत घालतो हो मनाची." "मग काय करायचं?" "करायचं," बाई म्हणाल्या, आणि इतके बोलून त्यांस रडू आले, आणि रडू आल्याचा राग आला. दुसरे दिवशी पंतांस सांगून पाठविले: कबूल, परंतु एक अट. खडा झटक्यात थंड केला तरी त्यावर पाणी ओतीत राहावे लागते. एक पिंप फार पुरत नाही. पिंप सरले की खडा हळूहळू ऊब धरितो, आणि तळाच्या थंडीतून मधल्या थंडीत आला की तेथे रेणूंस उसंत मिळते, आणि वकिलाच्या डोळ्यांदेखत आळ्या पडावयास लागतील. सबब शिखर दिसले की वकिलाने मान डोलवावी आणि उठावे. भाषण एकही होऊ नये. पंतांनी उलट निरोप धाडिला: "एकही नाही. जीभ गहाण ठेवितो."

मार्गशीर्षाच्या शुद्ध पक्षात दरबार भरला. चुंबकशाळेपुढे मांडव, मांडवात पडदा, पडद्यासमोर लोड-तक्के, मध्ये महाराज, उजवीकडे लालाजी, डावीकडे भाचेसाहेब जरीच्या कोटात. सरदार यथाक्रम बसले, म्हणजे कोण पुढे कोण मागे यावरून आधी दोन तंटे जाहले, समतेच्या दरबारात जेवढे शोभतात तेवढेच. बाई आणि हैबतराव शाळेच्या दाराशी. पंतांनी खूण केली, आणि हैबतरावांनी पिंपाची नळी उघडिली, आणि फुस्स करून पाणी खड्यावर गेले, आणि बाईंनी लहरीची हाक मारिली, आणि पडद्यावर शिखर उभे राहिले. एक! जाडेसे, पण एक. महाराजांनी मिशीवर ताव दिला. लालाजींनी मान डोलविली, "बहुत खूब," म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठू लागले. येथे काम फत्ते होते. बाईंनी श्वास सोडिला. चुंबक वाचला होता.

पण या राज्याची एक रीत आहे, ती अशी की, काही घडले तर आधी त्याचे प्रास्ताविक व्हावे, मग स्वागत, मग परिचय, मग गौरव, मग आभार. आणि घडावयाचे ते घडून गेले असले तरी प्रास्ताविक चुकू नये. श्राद्ध चुकले तर पितर क्षमा करितील, प्रास्ताविक चुकले तर सरदार करीत नाहीत. पंतांस ठाऊक होते की जीभ गहाण ठेविली आहे. परंतु मांडव भरलेला, ध्वनिक्षेपक हाताशी, आणि बादशहाचा वकील समोर! पंत उभे राहिले. म्हणाले, "हे भाषण नव्हे. हे केवळ चार शब्द." लालाजी पुन्हा बसले. बाईंनी दारातून दोन्ही हात हलविले, मग मान हलविली, मग हैबतराव नको नको म्हणू लागले म्हणून थांबल्या. आणि पंतांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून आरंभ केला. मग सूर्यवंश, मग चंद्रवंश, मग महाराजांचे आजोबा, मग समता हा शब्द कोणत्या धातूपासून निघाला. मग भाचेसाहेबांस दोन शब्दांची विनंती जाहली, आणि भाचेसाहेबांनी "मी काही बोलणार नव्हतो" येथून सुरू केले, आणि न बोलणारा माणूस बोलू लागला म्हणजे किती बोलतो ते सर्वांनी भोगिले. इकडे पिंपाची नळी खोकू लागली. हैबतराव हळूच म्हणाले, "बाई, सरलं." बाईंनी पडद्याकडे पाहिले. शिखर अंग पसरू लागले होते. मग त्यास खांदे फुटले. मग माथ्यावर खळी पडली. पंत पुन्हा ध्वनिक्षेपकाशी आले, पाठ पडद्याकडे, छाती लोकांकडे, आणि हात मागे फेकून गरजले, "पाहा, पाहा त्या एका शिखराकडे! भेद आहे का त्यात? दुजाभाव आहे का?" आणि पाठीमागे दोन शिखरे, कोणाही पोराने बोटाने दाखवावी अशी उभी. मागच्या रांगेतून कोणी फस्सकन हसले. मग मांडवभर खसखस पिकली. पंतांस वाटले लोक प्रसन्न जाहले, आणि त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले.

मग एका सरदाराने पंतांस अंगरखा ओढून मागे वळविले. पंतांचा चेहरा पाहण्याजोगा जाहला. धावतच शाळेच्या दाराशी आले आणि दातओठ खात म्हणाले, "ओता! दुसरं पिंप ओता! पुन्हा गार करा!" हैबतरावांचा हात पिंपावर होता. हे दुसरे पिंप, चुंबकाचे. बाईंनी त्यांचा हात धरिला. "ते चुंबकाचं आहे." "ओता म्हणतो ना! नाहीतर पिंप भाचेसाहेबांचं!" आणि येथे सगुणाबाईंस एकाएकी सोपे जाहले. ओतले तर चुंबक उपाशी, न ओतले तर पिंप जाणार. दोहीकडून मरण एकच, मग खोटे कशास बोलावे? त्या मांडवात गेल्या. लालाजींनीच पुसले, "बाईसाहेब, मघाशी एक होतं ना? आता दोन कशी?" बाई म्हणाल्या, "दोनच असतात, लालाजी. मघाशी घाई केली म्हणून कळलं नाही." आणि रेणूंच्या आळ्यांचे सर्व सांगितले. लालाजी कान देऊन ऐकते जाहले. "म्हणजे श्रीमंत कोण, गरीब कोण, हे जन्मावरून?" "नाही. सगळे एका साच्याचे. जो ज्या रांगेत सापडला, त्याचं ते नशीब." "पण श्रीमंत आळीची तर चैन असेल?" बाई म्हणाल्या, "छे हो. वीज चालतच नाही मग. श्रीमंतही बसून, गरीबही बसून. सगळा खडा अडून राहतो." पाठीमागच्या रांगांतल्या सरदारांनी, ज्यांस कधी पिंप मिळाले नव्हते, त्यांनी माना वर केल्या. कितीतरी दिवसांनी बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

तो महाराजांनी टाळी वाजविली. होय, टाळी! महाराज उठले आणि म्हणाले, "वाहवा! एकाचे दोन! लालाजी, पाहिलंत? आमच्या राज्यात वस्तू एक ठेवावी, दरबार उठेतो तिच्या दोन होतात. याला वृद्धी म्हणतात, वृद्धी!" मग पंत ओरडले, "महाराजांचा विजय असो!" आणि मग पुढच्या रांगेने टाळ्या पिटल्या, आणि पुढच्या रांगेने पिटल्या म्हणून मागच्या रांगेनेही पिटल्या. लालाजींनी बाईंकडे पाहिले, महाराजांकडे पाहिले, जेवणाची वेळ जाहली होती तीही घड्याळात पाहिली, आणि म्हणाले, "बहुत खूब." मघाशी एका शिखरास म्हणाले होते त्याच सुरात म्हणाले. त्यांस शाल दिली, पेढे दिले, आणि पालखी गेली.

आता वृद्धीचा हुकूम सुटला: चुंबकशाळा एकाची दोन करावी. जुनी सगुणाबाईंकडे, नवी चिंचांच्या अलीकडील रिकाम्या वाड्यात, मुराररावांकडे; दोहींस कमान सारखी, पाटी सारखी, आणि सामान अगदी समान वाटून. कारकून आले आणि वाटू लागले: टेबल इकडे, खुर्ची तिकडे, तारांची भेंडोळी इकडे, त्या जोडावयाच्या पकडी तिकडे. चुंबकातील वीज हलके हलके उतरवून त्यास सुखाने निजवावयाचे एक यंत्र असते, ते तिकडे गेले. चुंबक हलविता येईना म्हणून तो इकडे राहिला. मग पिंपाची पाळी आली, आणि पंतांनी निवाडा केला: "पिंप एक, शाळा दोन. फोडून अर्धं करता येत नाही. जुनीला एवढा मोठा चुंबक दिला आहे, नवीला अजून काहीच नाही; सबब समतेच्या न्यायाने पिंप नवीला." बाई धावत राजवाड्यात गेल्या. त्या दिवशी मुजरा सावकाश केला. म्हणाल्या, "महाराज, पाण्यावाचून चुंबक मरेल." महाराज म्हणाले, "मरेल? लोखंड मरतं का?" "मरतं, महाराज. निदान ते वीज उतरवायचं यंत्र तरी परत द्या, मी त्याला नीट निजवते." पंत मध्येच म्हणाले, "उद्घाटनापर्यंत चुंबक जागा पाहिजे. पाहुण्यांना निजलेला चुंबक दाखवून अपशकुन करायचा?" आणि महाराजांनी बाईंस प्रेमाने समजाविले, "बाई, आळ्या तुम्हीच चव्हाट्यावर आणल्यात. आता आम्ही समान वाटून दिलं, तर तुम्हीच रडता!" सर्व सभा हसली. या बोलण्याचे उत्तर सेवकास आजपावेतो सुचलेले नाही.

हैबतराव म्हणाले, "बाई, म्हणाल तर कुलूप तोडून पिंप आनतो. गेली नोकरी तर गेली." बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं कार्य ठरलंय, हैबतराव. कुलूप तोडू नका." आणि दोघे चुंबकाच्या पोटातील पाण्याची पातळी पाहत बसले. काटा रोज खाली जाई. मग उद्घाटन आले. नव्या शाळेपुढे सनई, रांगोळी, फेट्यांची गर्दी, आणि जुन्या शाळेच्या सरदार म्हणून बाईंसही बोलावून शाल-नारळ दिला आणि रांगेत उभे केले, आणि त्या जाऊ लागल्या तर दोन चोपदार हसत हसत आडवे आले. भाचेसाहेबांनी पिंपाचे तोंड उघडिले आणि पाणी परातीत सोडिले. चुंबक नव्हताच, मग दुसरे काय करणार? पांढरी वाफ पाहुण्यांच्या पायांतून सरपटली आणि बायामुले हसू लागली. इतक्यात चिंचांच्या पलीकडून एक आवाज आला, खोल, घुमणारा, जमीन हलविणारा, आणि जुन्या शाळेच्या छपरावरील नळीतून पांढऱ्या वाफेचा लोट आभाळात गेला, उंच, उंच, आणि पसरला. सर्वांनी माना वर केल्या. महाराज टाळ्या पिटीत म्हणाले, "वाहवा! काय सलामी दिली! पंत, ही कल्पना तुमची?" पंतांस ते काय आहे हे ठाऊक नव्हते, म्हणाले, "सेवकाचीच, सरकार." "फारच छान. पुन्हा एकदा होऊ द्या!" पंत लगबगीने सगुणाबाईंपाशी आले. बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसावयास हात मोकळा नव्हता, एका हाती शाल, एका हाती नारळ. पंत म्हणाले, "बाई, श्रीमंतांची इच्छा आहे, पुन्हा एकदा." बाई म्हणाल्या, "ते एकदाच होतं, पंत." आणि शाल आणि नारळ पंतांच्या हाती देऊन चिंचांखालून चालत्या जाहल्या, आणि या खेपेस त्यांस कोणी अडविले नाही.

तात्पर्य लिहावे तर इतुके. जुन्या शाळेत चुंबक आहे, तो मेलेला. नव्या शाळेत संक्रांतीनंतर आलेली नवी पिंपे आहेत, ती पाहुणे आले की उघडितात. मधल्या रस्त्याने कोणी जात नाही. एकाच घरचा एक खडा वाहतो आणि दुसरा अडतो तो का, हा प्रश्न जेथे होता तेथेच आहे, आणि तो पुसावयाचे साधन या राज्यात उरले नाही. आणि बादशाही वकिलाचा अभिप्राय आला तो दोन्ही कमानींवर सोनेरी अक्षरांत कोरिला आहे: या राज्यात सर्व काही समान आहे, समक्ष पाहिले.